काशीहून आणलेला कोळसा

काशीला गेलेलं माणूस गंगा घेऊन परत येतं. मीही आणली, लाख लावून तोंड बंद केलेला तांब्याचा गडू. पण गडूबरोबर एक पुरचुंडी होती, आणि ती ओटीवर सोडल्याबरोबर आमच्या आळीतल्या बायका फिस्सकन हसल्या. आत कोळसे! "अगो यमू, महाडात कोळसा मिळेना म्हणून काशीहून आणलास काय?" एकीनं विचारलं. दुसरी म्हणाली, "कोळसा उगाळावा तितका काळाच, मग तो काशीचा का असेना." मी काही बोलले नाही. मी बोलले नाही हे ऐकूनच आमच्या घरच्यांना, म्हणजे माझ्या यजमानांना, धास्ती वाटली, कारण माझी जीभ काही म्यानात राहणाऱ्यातली नव्हे.

तर त्या पुरचुंडीची ही हकिकत. ज्यांनी काशी पाहिली नाही त्यांच्यासाठी लिहिते. ज्यांनी पाहिली त्यांनीही वाचावी, कारण मी जे पाहिलं ते कुठला पंडा दाखवीत नाही.

ज्येष्ठ. पंचगंगेच्या पायऱ्या

आगगाडीचं सांगत बसत नाही. डोळ्यात कणी गेली, शेजारणीचं लोणचं माझ्या लुगड्यावर सांडलं, आणि आम्ही पोचलो. साहेबाच्या लोखंडी पुलावरून पहाटे गंगा दिसली आणि मी नुसती हात जोडून बसले. एवढं पाणी, आणि एवढं शांत! काठानं देवळांवर देवळं चढलेली, त्यांच्यावरून डोकं काढणारे मशिदीचे ते दोन उंच मनोरे. त्यांना तिथं धरहरा म्हणतात. त्या धरहऱ्याखालीच पंचगंगा घाट, आणि त्यावरच्या गल्लीत माझी थोरली बहीण द्वारकाताई.

तिचाच निरोप होता. आमच्याकडच्या एका यात्रेकरूबरोबर तिनं सांगून पाठवलं होतं, "यमूला म्हणावं, ये. कार्तिकात लक्ष तुळस वाहायची आहे. माझे हात पुरायचे नाहीत."

पायऱ्या चढून जाताना माझा जीव अर्धा झाला. वर दारात ताई उभी. लग्न होऊन गेली तेव्हा भरल्या अंगाची होती, आता नुसती हाडं. खोकत खोकत हसली आणि म्हणाली, "आलीस! चल, पैले नहाण उरकून घे, मग गळ्यात पड." इतकी वर्षं काशीत राहून तिच्या मराठीत हिंदी अशी मुरली आहे की वेगळी काढताच येत नाही.

ताईचे यजमान अग्निहोत्री. सगळे त्यांना दीक्षित म्हणतात, मीही तेच म्हणते. त्यांच्या घराच्या आतल्या दालनात अग्नीची कुंडं आहेत. रोज सकाळी आणि संध्याकाळी सूर्याच्या वेळेला दूध आणि तांदूळ यांची आहुती. लग्नानंतर दोघांनी मिळून अरणीची लाकडं घासून तो अग्नी पाडला, तेव्हापासून तो एकदाही विझलेला नाही. मी दारातून पाहिलं. राखेखाली लाल डोळा उघडा होता. माझ्या अंगावर काटा आला. आमच्याकडे चूल विझली तर शेजारून निखारा आणतो, आणि इथं बहिणीनं सगळा संसार एका निखाऱ्याभोवती जपला होता.

जेवताना खरी गोष्ट कळली. वरुणा नदी गंगेला मिळते तिथं दीक्षितांची जुनी बाग आहे, दीक्षितांच्या आजोबांपासूनची. त्या बागेतली तुळस रोज घाटावरच्या माधवाच्या देवळात जायची. गेल्या वर्षी पूर आला आणि बागेवर चिकणमातीचा जाड थर टाकून गेला. सगळी तुळस गाडली गेली. देवाला या घरची तुळस पहिल्यांदा चुकली. तेव्हा ताईनं नवस केला, की येत्या कार्तिकात त्याच बागेची लक्ष तुळस वाहीन.

"बाजारात तुळस काय कमी आहे?" मी म्हटलं.

"विकतच्या तुळशीनं माझा नेम फिटायचा नाही," ती म्हणाली. दीक्षित पाणी प्यायला उठले तशी हळूच पुढं म्हणाली, "आणि यमे, पुढचा कार्तिक मला दिसेल असं वैद्य म्हणत नाही."

समोर चिरलेला लंगडा आंबा होता. हापूसपुढं तो काय, असं ऐकवायचं मी गाडीतच ठरवून ठेवलं होतं. राहूनच गेलं.

आषाढ. वरुणेकाठी

आमच्या घरच्यांना काशीची कचोरी बाधली आणि भाताच्या लावणीची आठवण झाली. ते बाकी मंडळींबरोबर परत गेले. मी राहिले, आणि दुसऱ्याच दिवशी नावेनं बाग पाहायला निघाले.

बाग कसली, फरशीच ती! चिकणमाती उन्हानं तडकून तिच्या खपल्या झाल्या होत्या. वर एक पांढरी पापडी. पाऊस पडला की पाणी वरच उभं राही, ऊन पडलं की पुन्हा दगड. लावलेली रोपं पिवळी पडून माना टाकत होती. बाग राखणारी बुधिया कोइरीण कमरेवर हात ठेवून उभी होती. कोइरी म्हणजे तिथले माळी. बुधिया माझ्याच वयाची, आणि जीभही माझ्याच जातीची.

"ही पांढरी पापडी कसली?" मी विचारलं.

"होम की राख, बहिनजी. महाराज रोज भेजते हैं."

तेव्हा उलगडा झाला. होमातलं काही पायदळी येऊ द्यायचं नाही, अशी रीत. म्हणून दीक्षितांकडे रोज राख चाळत. पांढरं मऊ भस्म पवित्र, ते तुळशीच्या मातीला. खाली राहिलेले काळे कोळसे गंगेला. पुरानंतर तर ताईनं भक्तिभावानं टोपल्याच्या टोपल्या भस्म इथं पसरवलं होतं. चिकणमातीत राख कालवली की काय होतं ते भांडी घासणाऱ्या कुठल्याही बाईनं सांगावं. लिंपण होतं!

मी हसले. "ताई, आमच्या कोकणात असल्या जमिनीला राब देतात," असं संध्याकाळी सांगितलं. पालापाचोळा, फांद्या, शेण यांचा थर द्यायचा, वर माती टाकायची आणि पेटवायचं. त्या भाजलेल्या जमिनीत भाताचं रोप असं तरारून येतं की बघत राहावं. आता जंगलाचा शिपाई फांद्यांना हात लावू देत नाही तो भाग वेगळा. ताईचे डोळे चमकले. मी अशी फुशारले की विचारू नका.

उघडीप पाहून बुधियानं आणि मी पाला जमवला, तुरीच्या वाळल्या काड्या रचल्या. वर माती टाकायला हवी होती, पण तिथली ढेकळं फुटतील तर शपथ. म्हटलं, राहू दे, तशीच पेटवू. काय जाळ झाला! वरुणेपलीकडचे लोक बघायला आले. सकाळी जाऊन पाहते तो सगळा पाला जळून पांढरी राख, आणि खालची चिकणमाती लालबुंद भाजून कडक. मी कुदळ मारली. खणखण आवाज आला.

बुधियानं एक तुकडा उचलून टिचकी मारली. "का बहिनजी, ईंटा पकावत हऊ का?"

पलीकडचे सगळे खो खो हसले. माझं तोंड त्या विटेहून लाल झालं. घरी येऊन ताईला सांगताना मला रडू फुटलं. तिचा कार्तिक, आणि मी तिच्या बागेची वीटभट्टी केली! ताई मात्र खोकला येईपर्यंत हसली. "सबूर कर ग," म्हणाली, "अजून चातुर्मास बाकी आहे."

आषाढच. कुदळीखाली

भाजलेला तुकडा निदान उपसून तरी टाकू म्हणून बुधिया आणि तिचा नवरा खणायला लागले. वरची वीट निघाली. खालची पिवळी चिकणमाती निघाली, चिवट, कुदळीला चिकटून बसणारी. हातभर खाली गेल्यावर कुदळीचा आवाजच बदलला. भस्सकन आत गेली.

बुधिया ओरडली, "अरे बाप रे, देखा!"

मी वाकून पाहिलं. खाली काळी माती होती. घाटावर देशात कपाशीची असते तशी चिकट काळी नव्हे. ही भुसभुशीत, ओली, मुठीत धरली तर गोळा होणारी आणि बोट लावलं की मोकळी सुटणारी. गांडुळं वळवळत होती. आणि जिकडेतिकडे बारीक कोळशाचे तुकडे. मी एक उचलून धुतला. लाकडाच्या रेषासुद्धा दिसत होत्या. त्याच्या बारीक भोकांतून कसलीशी केसासारखी पांढरी मुळं आरपार गेली होती. वर एक पानही जगत नव्हतं आणि खाली अंधारात, गाडलेल्या बागेची मुळं त्या कोळशाला धरून जिवंत होती!

मी चिखलात बसकण मारली. देवळात गेल्यावर होतं तसं झालं मला. खरं सांगते, विश्वनाथापुढंही इतकं झालं नव्हतं. तिथं रेटारेटीच फार.

ओच्यात ती माती घेऊन मी घरी आले. दीक्षित आहुती देऊन नुकतेच उठले होते. मी केळीच्या पानावर माती ठेवली. "दीक्षित, तुमच्या बागेखाली हे आहे."

त्यांनी एक तुकडा उचलला, दिव्यापाशी नेला, वास घेतला. मग म्हणाले, "हा पळस आहे, यमुनाबाई. समिधा आहे ही." त्यांनी तो तुकडा तळहातावर फिरवला. "आजोबा कोळसे चाळून गोमूत्राच्या घड्यात टाकायचे. म्हणायचे, अग्नीला तहान लागते, आधी त्याला पाजा आणि मग मातीत द्या. ते घडे कावडीनं बागेत जायचे. आम्ही पोरं हसायचो, कोळशाची वरात म्हणून. पुढं वडिलांना वाटलं, देवाच्या तुळशीला हे काळं कशाला? भस्म शुभ्र, तेच घालावं. आणि कोळसे गंगेत जायला लागले."

"आजोबा जाऊन किती काळ झाला?" मी विचारलं.

"मी मुंजा होतो. त्यांच्याबरोबर त्यांचा अग्नीही गेला. अग्निहोत्र्याला त्याच्याच अग्नीनं दहन करतात, मग कुंड रिकामं होतं. आमच्याकडे अग्नी मागं उरत नाही." ते त्या पानाकडे बघत राहिले. "असं मी आजवर समजत होतो."

ताई भिंतीला टेकून सगळं ऐकत होती. तिनं हात पुढं करून चिमूटभर ती काळी माती कपाळाला लावली.

श्रावण ते भाद्रपद. पाणी

मग आम्ही कामाला लागलो. बाग मोठी, काळी माती थोडी आणि तीही खोल. तेव्हा तुळशीपुरते वाफे खणले, वरच्या चिकणमातीत ती खालची कालवली. घरचे कोळसे आता गंगेला न जाता गोमूत्राच्या घड्यात जाऊ लागले. पण एका घरच्या होमाचा कोळसा पुरणार किती?

बुधियानं मान वाकडी करून उपाय सुचवला. "मणिकर्णिका पर तो कोयला ही कोयला है, बहिनजी."

"शिव शिव शिव!" मी कानांवर हात ठेवले. मणिकर्णिका म्हणजे काशीचं मसण, तिथला कोळसा चितेचा! ती मिश्कील हसत होती. तिनंही तो आणला नसता, मला माहीत आहे.

शेवटी खड्डा खणला. तुरीच्या काड्या आणि आंब्याची छाटण त्यात दाबून भरली, पेटवली आणि या खेपेला वर ओली माती लिंपून तोंड कोंडलं. जाळ नाही, नुसता धूर. सगळी रात्र धुमसू दिलं. सकाळी उघडलं तर राख नावाला, खाली काळेभोर कोळसे, एकमेकांवर आपटले की टणत्कार करणारे. खरा राब हाच की! आमच्या गावीही माती टाकतात ती याचसाठी, आणि मी जन्मभर राब देऊन कधी विचार केला नव्हता की ती का टाकतात. जाळानं सगळं खाल्लं की मातीला काय उरणार? अर्धपोटी ठेवलेला अग्नीच मातीच्या कामाचा. ते कोळसे कुटून शेणपाण्यात आणि गोमूत्रात मुरवले. घाईनं कोरडेच घातले असते तर त्यांनी रोपांच्या तोंडचा घास ओढून घेतला असता, हे दीक्षितांच्या आजोबांच्या बोलण्यावरून माझ्या ध्यानात आलं.

वाफे तयार झाले, रोपं लावली. गच्चीवर जपलेल्या रोपांपैकी निम्मी माकडांनी उपटली, त्यांच्या नावानं मी जे बोलले ते काशीत बोलू नये असं होतं.

आणि पाऊस आला. कोकणातला पाऊस आमचा ओळखीचा, पण तो डोंगरावरून निसटून खाडीला जातो. इथं पाणी कुठं जातच नाही. बागेत गेले तो चिकणमातीवर घोटाभर पाणी उभं, बेडूक पोहताहेत. मला वाटलं, संपलं. वाफ्यापाशी गेले आणि थबकले. आमच्या वाफ्यांत पाणी नव्हतं. पाऊस पडत होता तो आत जात होता, जमीन पीत होती आणि रोपं ताठ उभी होती. दोन हातांवर चिखल आणि इथं मोकळी, काळी, ओलसर माती. वर आकाश तेच, पाऊस तोच! बुधियानं वाफ्यात हात घातला, कोपरापर्यंत गेला. ती यावेळी थट्टा करायला विसरली. नुसतं "राम राम" म्हणाली.

भाद्रपदात गंगा चढायला लागली. घाटाच्या पायऱ्या एकेक करून बुडाल्या, खालची देवळं कळसापर्यंत पाण्यात गेली. ताई खिडकीत बसून तासन्‌तास पाण्याकडे बघे. "आई, या वर्षी नको," एवढंच पुटपुटे. वरुणा उलटी फिरली. पाणी बागेच्या बांधाला लागलं, वाफ्यांच्या कडेपर्यंत आलं, आणि तिथं थांबलं. का थांबलं ते गंगेला ठाऊक. मी बांधावरच लोटांगण घातलं.

कार्तिक. लक्ष तुळस

कार्तिकातली पंचगंगा शब्दांत मावत नाही. घाटावर उंच बांबू रोवतात आणि त्यांवर वेताच्या टोपल्यांत आकाशदिवे चढवतात. संध्याकाळी ते दिवे पाण्यात उतरतात आणि खरे कुठले नि पाण्यातले कुठले ते कळत नाही. आमच्याकडे दारात एक आकाशकंदील, इथं आकाशच खाली आलेलं.

आणि तुळस! कमरेइतकी वाढली होती, दाट, जांभळ्या देठांची. पहाटे बुधिया नावेतून टोपल्या आणी तेव्हा पायऱ्यांवर बसलेले लोक वास आला म्हणून वळून बघत. ताई रोज चार पायऱ्या उतरून माधवाच्या देवळात बसे. मी पानं निवडून हाती द्यायची, दीक्षित मंत्रासारखं देवाचं एकेक नाव म्हणायचे, ती वाहायची. मधेच खोकला यायचा, हात थांबायचा. मी म्हणे, "मी वाहते ग थोडी." ती मान हलवे. "तू फक्त देत जा."

एका संध्याकाळी टोपलीत शेवटची ओंजळ उरली. ताईनं ती उचलली, छातीशी धरली आणि देवाकडे नाही, आमच्याकडे बघितलं. मग वाहिली. दीक्षितांना पुढं मंत्र सुचेना. तो कडक अग्निहोत्री देवळाच्या भर गाभाऱ्यात लहान पोरासारखा रडला. मीही रडले. ताईच तेवढी रडली नाही. "चला," म्हणाली, "आहुतीची वेळ होते आहे."

निघायच्या दिवशी तिनं माझ्या हातात ती पुरचुंडी दिली. मला वाटलं प्रसाद. सोडून पाहिलं तर अग्नीतले कोळसे, गोमूत्रात मुरवून वाळवलेले.

"वेडी का ग तू! घरी मला काय म्हणतील?"

"म्हणू देत." तिनं माझ्या मुठीवर मूठ ठेवली. "यमे, दोघांतली मी आधी जाणार. मला याच अग्नीनं नेतील आणि कुंड रिकामं होईल. ह्यांना एकट्याला पुन्हा अग्नी नाही. मग माझ्या चुलीतलं उरायचं काय? वरुणेवर आहे ते, आणि तुझ्याकडे हे."

नाव सुटली. ती वरच्या पायरीवर उभी होती. धरहऱ्याची सावली पाण्यावर पडली होती, त्या सावलीतून नाव बाहेर पडेपर्यंत मी मागं बघत होते.

हसणाऱ्या बायका गेल्यावर मी ते कोळसे आमच्या परसातल्या वृंदावनात घातले. ती माती किती वर्षं घट्ट बसलेली, तुळस दर वर्षी काटकी होऊन मरायची.

फाल्गुनात काशीहून आलेल्या एका यात्रेकरूनं सांगितलं. ताई माघात गेली. तिच्याच अग्नीनं तिला नेलं, होमाची पळी आणि पात्रंसुद्धा बरोबर दिली. दीक्षितांच्या दालनात आता अंधार असतो. ते सकाळी लवकर उठतात, सवयीनं, आणि नावेनं बागेत जातात.

मी डोक्यावरून पाणी घेतलं. ओलेत्यानंच परसात आले आणि वृंदावनाची माती बोटांनी उकरली. कोळसे जसेच्या तसे होते. त्यांच्या भोकांतून तुळशीची बारीक पांढरी मुळं आरपार गेली होती. मी माती परत सारखी केली आणि तांब्याभर पाणी घातलं. जमीन ते पिऊन गेली.